फिल्टर कोणी धुतला

इमारतीत, दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे तिला सिस्टर म्हणत. घरात तेवढा नवरा त्या नावाने हाक मारत नसे, आणि का मारत नाहीस असं कोणी विचारलंच तर म्हणे, "सख्खी बायको आहे ती माझी."

सिस्टर ऑपरेशन थिएटरची प्रमुख होती. अवजारं उकळून, वाफेत घालून, मोजून लावून ठेवायची हा तिचा रोजचा धंदा, आणि तोच तिने घरीही आणला होता. नळाच्या तोट्या आरशासारख्या. फरशीवर पाय ठेवताना पाहुणा आधी आपल्या तळव्यांकडे बघे. शेजारीण म्हणायची, हिच्या घरात धूळसुद्धा बेल वाजवून येते.

अशा घरात सासरे राहायला आले ते काचेची टाकी घेऊन.

बाबा मूळचे नकाशे काढणारे. सरकारी कचेरीत उभा जन्म रस्ते आणि गटारं कागदावर आखण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहत होते. मग एकदा दूध गॅसवर ठेवून ते खाली पेपर आणायला गेले आणि कोणाशी तरी बोलत उभे राहिले. पातेलं जळून कोळसा झालं, जिना धुराने भरला. मुलगी आणि मुलगा, म्हणजे सिस्टरची नणंद आणि नवरा, दोघांनी मिळून ठरवलं की आता पुरे झालं, बाबांनी मुलाकडे राहायचं. बाबांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मासे बरोबर येतील."

तीन गोल्डफिश होते. भोपळ्या, नावाप्रमाणे गरगरीत. टिकली, डोक्यावर पांढरा ठिपका असलेली. आणि राणी, सगळ्यांत जुनी, सासूबाई होत्या तेव्हापासूनची, पदरासारखी शेपटी असलेली. टाकी हॉलमध्ये खिडकीपासून दूर, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात बसली. बसवून झाल्यावर बाबांनी हात पुसले आणि सांगितलं, "सूनबाई, एकच मागणं आहे. टाकीला कोणी हात लावू नका. खायला मी घालीन, पाणी मी बदलीन."

"मला कुठे वेळ आहे बाबा," सिस्टर म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बाबांचं काम ठरलेलं असे. दर रविवारी नळी लावून टाकीतलं पाव हिस्सा पाणी बादलीत काढायचं. आदल्या दिवसापासून उघडं ठेवलेलं नळाचं पाणी त्या जागी हळूहळू ओतायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन आधीच उडून गेलेला असतो. खाणं दिवसातून चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे काचेला तोंड लावून कितीही लाडीगोडी करोत, बाबा डबी बंद करून टाकत. हे सगळं सिस्टरला पटण्यासारखं होतं. पटत नसे ते फिल्टरचं. क्वचित कधी बाबा फिल्टरची पेटी उघडत, आतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढत आणि टाकीतून काढलेल्या त्याच गढूळ पाण्यात दोनदा पिळून परत बसवत. घाण पाण्यात घाण धुवायची.

"बाबा, निदान नळाखाली तरी धरा."

"मासे तक्रार करत नाहीत," बाबा म्हणत. जास्त समजावून सांगायची त्यांची रीत नव्हती, आणि जास्त विचारायची तिची नव्हती.

एके दिवशी दुपारी तिची सुट्टी होती आणि थिएटरमधल्या चौघीजणी संध्याकाळी चहाला येणार होत्या. मेट्रनबाईसुद्धा. बाबा वाचनालयात गेले होते. सोफ्याच्या उशा नीट करताना तिला टाकीपाशी वास आल्यासारखा वाटला. ओल्या मातीसारखा, खरं तर वाईट नव्हता, पण वास तो वासच. तिने झाकण उचललं, फिल्टर उघडला आणि तो स्पंज दोन बोटांत धरून मोरीत नेला. गरम पाणी, भांड्यांचा साबण. पिळला, पुन्हा साबण लावला, पुन्हा पिळला. काळं पाणी जाता जाता करडं झालं, करड्याचं स्वच्छ झालं. शेवटी स्पंज पांढराशुभ्र झाला, नवा वाटावा असा. तिने तो परत बसवला आणि तिला फार बरं वाटलं. बाबांना मुद्दाम सांगायचं काही कारण नव्हतं. पेटीच्या आतलं कोणाला दिसतंय?

संध्याकाळी बायकांनी माशांचं कौतुक केलं. भोपळ्या पुढे येऊन तोंड उघडझाप करू लागला तेव्हा सिस्टरने डबीतून चिमूट सोडली, मग मेट्रनबाईंनी सोडली, मग सगळ्यांनीच.

"केवढं ठेवलंयस स्वच्छ," मेट्रनबाई म्हणाल्या. "कोण करतं हे?"

"कोण करणार? मलाच बघावं लागतं," सिस्टर म्हणाली.

आठवडा संपायच्या आत पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन हवेसाठी तोंडं मारू लागले. राणीने पर अंगाशी घट्ट मिटून तळ गाठला आणि तिच्या त्या पदरासारख्या शेपटीवर लाल रेघा उमटल्या. बाबांची धांदल उडाली. पाणी काढ, पाणी घाल. नवरा ऑफिसला निघण्यापूर्वी बुटांचे बंद बांधत होता, सिस्टर गणवेशाला इस्त्री करत होती, तेव्हा बाबांनी फिल्टर उघडला. स्पंज हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"फिल्टर कोणी धुतला?"

आवाज चढलेला नव्हता. नुसतं विचारलं.

"मला तर तो उघडायचा कसा तेही माहीत नाही," नवरा म्हणाला.

सिस्टरने कॉलरवरून इस्त्री फिरवली. "मी नाही हात लावला," ती म्हणाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. वाक्य तिने ठरवून उच्चारलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मागे घ्यायला जो क्षण असतो तो दारातून बाहेर पडणाऱ्या नवऱ्याला डबा देण्यात गेला.

राणी त्याच संध्याकाळी गेली. बाबांनी तिला जुन्या रुमालात गुंडाळलं आणि बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरलं. सिस्टर आतून बघत होती. तिने जन्मात खूप मरणं पाहिली होती, आणि एका माशापायी आपल्याला बाल्कनीत जाऊन सासऱ्यांजवळ उभं राहता येत नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

उरलेल्या दोघांना वाचवायचं तर डॉक्टरकडे जायला हवं होतं. पक्ष्यांवर आणि माशांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बाबांनी भोपळ्याला झाकणाच्या बादलीत घेतलं, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, आणि सोबत म्हणून सिस्टर गेली. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"अमोनिया फार वाढलाय," त्या म्हणाल्या. "गोल्डफिश घाण बरीच करतात. ती पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले असतात. ते गेले की मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरतात. कोणी साबणाने धुतला होता का?"

सिस्टरच्या कानशिलात रक्त तापलं. जिवाणू म्हणजे मारायची गोष्ट, हेच ती उभं आयुष्य शिकत आणि शिकवत आली होती. आणि आता डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या, तिच्या गणवेशाकडे, छातीवरच्या बिल्ल्याकडे.

"बाबांनीच धुतला असेल," ती म्हणाली. "हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही."

"अच्छा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि म्हाताऱ्या माणसांसमोर लोक आवाज जसा मऊ करतात तसा त्यांनी केला. पुढचं सगळं त्या सिस्टरशीच बोलल्या. खाणं बंद ठेवा. रोज अर्धं पाणी बदला. त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातल्या टाकीतला एक मळका स्पंज पिशवीत घालून दिला, म्हणजे नव्या जिवाणूंना सुरुवात होईल.

बाबा आपल्या हातांकडे बघत होते. तळहात वर, मग खाली. "असेल," ते म्हणाले. "मीच धुतला असेन. दुसरं कोण धुणार?"

भोपळ्या आणि टिकली वाचले. पाणी निवळलं, पर पुन्हा उघडले. बिघडत गेलं ते बाबांचं.

ताईला, म्हणजे नणंदेला, त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि मग भावाला म्हणाली, "आधी दूध, आता हे. उद्या काय होईल?" गॅसपाशी जाऊ नका, असं ठरलं. लॅचची किल्ली त्यांच्याकडे नको, असंही ठरत होतं, तेवढ्यात बाबांनी ती खिशातून काढून स्वतःच टेबलावर ठेवली. वाचनालयात जाणं बंद झालं. नळ बंद करून ते चार पावलं जात आणि परत येऊन बघत. सिस्टरला विचारत, "मी गोळी घेतली का गं?" घेतलेली असे. त्यांनी कधी चुकवलीच नव्हती.

एकदा सकाळी त्यांनी माशांच्या खाण्याची डबी तिच्या हातात दिली. "आजपासून तू घालत जा. मी विसरून दोनदा घालीन."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, हे आजवर तिने नुसतं ऐकलं होतं. तिने डबी घेतली. चिमूट सोडताना थोडं जास्तच पडलं.

सांगायचं तिने ठरवलं, एकदा नाही, अनेकदा. जेवताना ती म्हणाली, "बाबा." ते म्हणाले, "काय?" ती म्हणाली, "मीठ हवंय का?" दिवस जातील तसं ते कठीण होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसता स्पंज होता, आता त्यात राणी होती, डॉक्टरीणबाई होत्या, किल्ली होती. थिएटरमध्ये ऑपरेशन संपताना रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजतात. एक जरी कमी भरला तरी टाका घालू देत नाहीत. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगे, चूक झाली तर त्याच क्षणी तोंड उघडायचं, नंतरचं तोंड कामाचं नाही. त्या आठवड्यात एका नवीन मुलीला हेच सांगायला ती उभी राहिली आणि मधेच म्हणाली, "बाकीचं तुम्हाला मेट्रनबाई सांगतील." मुलीला वाटलं, सिस्टरना बरं नाही.

मग ताईने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

त्या दिवशी सकाळी सिस्टर स्वयंपाकघरात पाव भाजत होती. हॉलमधून पुटपुटणं ऐकू आलं. बाबा दाढी करून, घडीचा सदरा घालून टाकीसमोर खुर्चीत बसले होते आणि माशांकडे बघत म्हणत होते, "आज बुधवार. वर्ष..." त्यांनी वर्ष म्हटलं. "मजला तिसरा. सूनबाई दवाखान्यात असते. मुलगा चष्म्याच्या कंपनीत. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्र्याण्णवातून सात गेले..." ते अडले. पुन्हा शंभरापासून सुरुवात केली. तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलासारखी त्यांची मान हलत होती.

तिचा तव्यावरचा पाव करपला.

नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. ताई गाडी लावायला गेली आणि सिस्टर बाबांना घेऊन वर आली. वाट बघायच्या खोलीत खुर्च्यांची रांग होती, भिंतीवर मेंदूचं चित्र होतं. आणखी दोन म्हातारी माणसं आणि त्यांना घेऊन आलेली माणसं बसली होती. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"बाबा," सिस्टर म्हणाली. "फिल्टर मी धुतला."

ते तिच्याकडे वळले. बहुधा नीट ऐकू आलं नसावं असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. "स्पंज मी धुतला होता. साबणाने. बायका येणार होत्या त्या दिवशी. मासे मेले... राणी मेली ती माझ्यामुळे. तुम्ही नाही विसरलात काही."

"तू म्हणालीस हात लावला नाही."

"खोटं बोलले."

"त्या डॉक्टरीणबाईंसमोर माझ्या नावावर घातलंस."

"हो."

तिला वाटलं ते रडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. म्हातारी माणसं जाऊ दे म्हणतात. तिने मनात कुठेतरी त्याची वाट पाहिली होती, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं आणि आणखी लाज वाटली.

"मी रोज आठवायचा प्रयत्न करतोय," बाबा म्हणाले. आवाज हळू होता, पण ते रडणं नव्हतं. "कधी धुतला, कुठे उभा होतो. पडल्या पडल्या तेच. आणि मग मला आठवायला लागलं. गरम पाणी, साबणाचा फेस, मोरी. डोळ्यांसमोर दिसायला लागलं मला, सूनबाई. जे मी केलंच नाही ते मला आठवत होतं. तू काय केलंस कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. तिने मान खाली घातली.

"वर बघ," बाबा म्हणाले. "ताईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. आणि आत्ता."

ताई दोन्ही हातांत यंत्राच्या चहाचे कागदी कप घेऊन आली. सिस्टरने उभं राहून सांगितलं. हळू बोलायचं ठरवूनही खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. समोरच्या म्हातारीबरोबर आलेला माणूस हातातल्या मासिकात नको इतका बुडाला. ताईला कप ठेवायला जागा सापडेना.

"पण दूध तर बाबांनीच ठेवलं होतं ना?" अखेर ताई म्हणाली.

"ते माझं," बाबा म्हणाले. "ते मी कधी नाकारलं नाही."

तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ताई उठू लागली. "मी एकटा जाईन," ते म्हणाले. "आता मलाही बघायचंय." आणि ते आत गेले. दोघी नणंद-भावजय एक खुर्ची मधे सोडून बसल्या. चहा तसाच निवला.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की वयाच्या मानाने बाबा उत्तम आहेत. वजाबाकीत ते एकदा अडले, पण त्यात डॉक्टरांना काही वावगं वाटलं नाही.

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो ओरडला नाही. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच त्याने विचारलं. तो उत्तराची वाट न बघता बाबांच्या खोलीत जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात मेट्रनबाईंनी सहज विचारलं, मासे कसे आहेत? "एक मेला," सिस्टर म्हणाली. "माझ्याच हाताने. आणि ते मी बघत नाही, माझे सासरे बघतात." मेट्रनबाईंना एवढी माहिती नको होती.

बाबांनी टेबलावरची किल्ली उचलली. डबीही परत घेतली. तिच्याशी ते कामापुरतं बोलत, कडू नाही, गोड नाही, दुकानदाराशी बोलावं तसं. एकदा तिने पुन्हा माफी मागायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "ऐकलंय मी." महिनाभराने जेवताना त्यांनी सांगितलं की ते आपल्या घरी परत जाणार आहेत. रागावून नाही. तिथे त्यांना झोप लागते. ताईने विरोध केला, पण डॉक्टरांचं म्हणणं आता बाबांच्या बाजूला होतं. मुलाने तिथे आपोआप बंद होणारी शेगडी बसवून दिली.

जायच्या दिवशी टाकी रिकामी करून गाडीत चढवली. फिल्टरचा स्पंज बाबांनी जुन्या पाण्याच्या डब्यात बुडवून स्वतःजवळ ठेवला. मासे मोठ्या बादलीत होते, आणि बादली कोणी तरी मांडीवर धरायला हवी होती. सिस्टरने न विचारता मागच्या सीटवर बसून हात पुढे केले. बाबांनी क्षणभर विचार केला आणि बादली दिली. रस्ता वाईट होता. खड्डा आला की पाणी तिच्या साडीवर उडे. ती दोन्ही हातांनी बादली कवटाळून बसली होती.

"झाकण थोडं उघडं ठेव," पुढच्या सीटवरून बाबा मागे न बघता म्हणाले. तिने ठेवलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, बंद घराला येतो तसा वास होता. नवरा आणि बाबांनी टाकी लावली. ती खिडक्या उघडत फिरली. ओट्यावर धुळीचा थर होता, फडकं समोरच लटकत होतं. तिने ते हातात घेतलं, मग परत अडकवून ठेवलं. मासे पाण्यात सोडायचं काम बाबांनी केलं. टिकली लगेच मागच्या कोपऱ्यात गेली, भोपळ्या काचेशी येऊन तोंड उघडझाप करू लागला. कोणी काही घातलं नाही.

निघताना नवरा आधी खाली गेला. ती उंबऱ्यात थांबली.

"मी अधूनमधून येऊन जाऊ का, बाबा?"

बाबा टाकीचं झाकण नीट बसवत होते.

"ये," ते म्हणाले. आणि ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली तेव्हा मागून आवाज आला, "आधी फोन करून ये."